स्पीकर घुमतोय? इंटरफेस विकण्याआधी तिसरी पिन बघा

"ताई, हम येतोय," म्हणजे आवाजात नको असलेली गुणगुण येतेय, असा फोन आला की मी उलट विचारते, कसला हम? समोरचा गप्प होतो. मग हळूच सांगतो की नवा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारा डबा) मागवलाय, कुणाच्या तरी सांगण्यावरून महागातली केबलही घेतलीय, आणि आवाज होता तिथेच आहे.

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दहा बाय अकराच्या खोलीत मी मिक्सिंग करते. सटाणा-कळवणकडची अहिराणी लग्नगीतं, भजनी मंडळांचे अभंग, निवडणुका लागल्या की रिक्षावरून वाजणारी प्रचारगीतं, द्राक्षबागेच्या औषधांच्या जाहिराती, असं सगळं येतं. दारावरच्या पाटीवर मिक्सिंग इंजिनिअर लिहिलंय, पण कित्येक दिवस मी टेबलाखाली टॉर्च तोंडात धरून बसलेली असते. माझ्या आणि ओळखीपाळखीच्यांच्या खोल्यांत हा एकच बिघाड इतक्यांदा काढलाय की त्याचा क्रम आता हाताला बसलाय. फुकटचं आधी, पैशाचं नंतर, भिंतीतलं सगळ्यात शेवटी. आणि भिंतीतलं आपण करायचं नाही.

आधी नीट ऐका

आपल्याकडची वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. म्हणजे विजेलाही स्वतःचा सूर आहे. तो कुठून घुसलाय हे त्याच्या पोतावरून बरंचसं ओळखता येतं.

गोल, जाड, एकसुरी "घूंऽऽ" असेल तर तो 50 आणि 100 हर्ट्झचा. बहुतेक वेळा अर्थ लूप (अर्थ म्हणजे अर्थिंगची तार; लूप कसा होतो ते पुढे येतं), नाहीतर केबलची शील्ड, म्हणजे आतल्या तारांभोवतीचं जाळीचं वेष्टण, तुटलेली, नाहीतर एखादा ट्रान्सफॉर्मर माइक किंवा गिटारच्या पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या) शेजारी येऊन बसलेला.

खरखरीत "झर्रर्र", जणू मोहोळ कानाशी आलंय, असं वाटलं तर त्याच 50च्या पटीतले वरचे सूर मिसळलेत. इथे संशयित म्हणजे दिव्याचा डिमर, गोल फिरणारा स्टेपलेस रेग्युलेटर, स्वस्तातली एलईडी पट्टी, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर.

बारीक "चींऽ" आणि तीही माउस हलवला की बदलते, प्रोजेक्ट उघडताना चढते? तो कचरा लॅपटॉपच्या पॉवरमधून यूएसबीच्या वाटेने येतोय.

धातूला हात लावला की आवाज कमी होत असेल तर शील्ड किंवा अर्थ कुठेतरी सुटलाय. गिटारच्या तारांना हात लावल्यावर थोडा फरक पडणं मात्र नेहमीचंच आहे, सिंगल कॉइल पिकअपवर तर जास्तच. त्याने घाबरू नका.

आणखी एक लक्षण कानाला नाही, ओठाला कळतं. माइकच्या जाळीला ओठ टेकले की झिणझिण्या येतात. असं होत असेल तर खालचं काहीही करत बसू नका. मेन बंद करा आणि "हात काढून घ्या" असं लिहिलेला भाग आधी वाचा.

ऐकण्यावर एवढा भर का देते त्याला कारण आहे. पंचवटीतले एक बुवा अभंग रेकॉर्ड करायला आले होते. गातात काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत. दुसऱ्या अंतऱ्याला थांबले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या तानपुऱ्याचा पंचम उतरलाय." तानपुरा इलेक्ट्रॉनिक, तो कसला उतरतोय! मी ट्यूनर लावून दाखवला, पंचम चोख होता. बुवा हेका सोडेनात. शेवटी गाणं थांबवून नुसतं ऐकलं. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, खालच्या सप्तकात 103.8 हर्ट्झ. आणि त्याच्याखाली, तीव्र मध्यमाच्या जरा वर, 100 हर्ट्झचा हम लोंबकळत होता. तानपुऱ्याचा मूळ अडॅप्टर हरवल्यावर मी कुठलातरी पडेल तो लावला होता, आणि त्याचं फिल्टरिंग यथातथाच होतं. एसीचा डीसी करताना राहिलेली घरघर नेमकी 100 हर्ट्झवर येते. म्हणजे उतरलेला पंचम खरोखर तानपुऱ्यातूनच येत होता. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ज्या गावात रामनाम आधार आश्रम काढला, त्या गावातल्या बुवांच्या कानावर शंका घ्यायला नको होती. तेव्हापासून तानपुरा बॅटरीवर.

पहिली दहा मिनिटं, खर्च शून्य

सगळ्यात आधी बघा, हम रेकॉर्ड होतोय की नुसता ऐकू येतोय. माइक तसाच ठेवून अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. स्पीकरमध्ये घूं आहे पण फाइल स्वच्छ आहे, तर बिघाड इंटरफेस आणि स्पीकरच्या मधे आहे. त्रास होतो, पण आजची शिफ्ट बुडत नाही. गायक तासाच्या भाड्यावर बसलेला असताना हे माहीत असणं फार मोलाचं. स्पीकर बंद करा, हेडफोनवर टेक घ्या, बिघाड संध्याकाळी शोधा.

फाइलमध्येही हम असेल तर एकेका चॅनलचा गेन (आत येणारा आवाज वाढवणारी खुंटी) शून्यावर आणा. एखाद्याचा गेन खाली आणल्यावर हम गेला तर दोषी त्या चॅनलच्या मागे आहे: माइक, केबल किंवा वाद्य. कुठल्याच गेनने फरक पडत नसेल तर पुढे चला.

आता स्पीकर. आधी स्पीकर बंद करा, मग त्याच्या मागची सिग्नल केबल काढा, मग परत चालू करा. (चालू स्पीकरची केबल उपटू नका, ट्वीटर धाडकन जातो.) केबल काढूनही घुमतोय, तर स्पीकरच बिघडलाय. केबल काढल्यावर एकदम गप्प झाला, तर स्पीकर बिचारा निर्दोष आहे. हम त्याला बाहेरून मिळतोय.

मग लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर गेल्याबरोबर चीं थांबली किंवा घूं गेला, तर उत्तर सापडलं. माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच संपतात. चार्जर हा स्विचिंग सप्लाय असतो, स्वतःचा किचकिचाट करतो. शिवाय तीन पिनचा असेल तर अर्थला जाणारी आणखी एक वाट उघडतो. घाईच्या दिवशी बॅटरीवर टेक घ्या. पण हा उपाय नव्हे, ही सोय.

शेवटी खोलीतलं एकेक बंद करत जा: पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी पट्टी, डिमर, मोबाइल, राउटर. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बंद केल्या आणि हम गेला तर कुणामुळे गेला हे कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात परत पहिल्यापासून. वीज गेल्यावर घर इन्व्हर्टरवर चालत असेल तर त्या वेळची नोंद वेगळी ठेवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर झर्रर्र येणारच. तिथे साइन वेव्हचा घेण्यावाचून गत्यंतर नाही.

सगळं एकाच बोर्डवर आणा

लॅपटॉप एका भिंतीवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीवर, कीबोर्ड एक्स्टेन्शन ओढून हॉलमधल्या सॉकेटवर. बहुतेक घरच्या स्टुडिओंचं चित्र असंच असतं. प्रत्येक सॉकेटचा अर्थ वेगळ्या लांबीच्या तारेने मेन बोर्डपर्यंत जातो. फ्रिज, गिझर, संगणक यांचा बारीक गळता करंट त्या तारांतून सतत वाहतो, त्यामुळे दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टांचा फरक राहतो. आपण ऑडिओ केबलने दोन उपकरणं जोडली की त्या फरकाला दुसरी वाट मिळते, ती म्हणजे केबलची शील्ड. तिच्यातून 50 हर्ट्झ फिरायला लागला की झाला अर्थ लूप.

म्हणून लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर, कीबोर्ड सगळे एका चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावा आणि तो बोर्ड एका सॉकेटला. अर्थ एकाच ठिकाणी भेटले की फरक उरत नाही. "एवढा लोड चालेल का?" असं लोक हमखास विचारतात. छोट्या स्टुडिओतली ही उपकरणं मिळून विशेष वीज खात नाहीत. फक्त त्या बोर्डवर इस्त्री, हीटर, किटली लावायची नाही. पाहुण्यांसाठी चहा करायचाय तर स्वयंपाकघरात करा. एसी त्याच्या स्वतःच्या 16 अँपिअरच्या सॉकेटवरच राहू दे.

तिसरी पिन

आता टॉर्च घ्या. प्रत्येक प्लग सॉकेटमधून काढून बघा. वरची जाड पिन अर्थची. ती वाकलेली आहे का, काळी पडलीय का, मुळात आहे का? एक्स्टेन्शन बोर्डाला तीन भोकं असतात, पण त्याच्या वायरच्या टोकाला दोन पिनचा प्लग असतो, असे बोर्ड बाजारात सर्रास मिळतात. तिसरं भोक तिथे नुसतं शोभेला. माझ्या एका विद्यार्थ्याने त्याच्या सहा महिन्यांच्या कमाईचा इंटरफेस विकायला काढला होता, आणि दोष असल्याच एका बोर्डाचा निघाला.

अर्थ नसला की काय होतं? संगणकाच्या आणि पुष्कळ उपकरणांच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलवरून धातूच्या खोक्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांनी वाहून आणलेला कचरा अर्थमध्ये जावा अशी ती रचना. अर्थच नसेल तर खोकं अधांतरी राहतं आणि त्याच्यावर निम्मा दाब, साधारण 115 व्होल्ट, दिसतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप दोन पिनच्या चार्जरवर असला की मनगटाला चावतो, तो हाच प्रकार. पण टेस्टरचा दिवा लागला म्हणजे तो एवढासा गळता करंट आहे की आत फेजची तार खरंच बॉडीला लागलीय, हे टेस्टर सांगत नाही. "एवढं तर येतंच" म्हणून सोडून देऊ नका.

आता ज्या उपायासाठी मी लोकांशी भांडते, त्याविषयी. अर्थची पिन कापून टाकणे. कुणीतरी येतो, पक्कड काढतो, पिन उडवतो आणि विजयी मुद्रेने विचारतो, "गेला की नाही?" जातो. लूप तुटला की हम जाणारच. ओळखीच्या एका पोराच्या गिटार अँपची पिन अशीच कापलेली होती. दोन महिन्यांनी त्या अँपमध्ये आतून काहीतरी बिघडलं. हातात गिटार, तोंडासमोर मिक्सरमार्गे नीट अर्थ झालेला माइक, आणि मधे तो. ओठ भाजले आणि तो मागे फेकला गेला म्हणून वाचला. बिघडल्यावर जो करंट अर्थच्या तारेने जाऊन एमसीबी किंवा आरसीसीबी (बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे स्विच) पाडणार होता, त्याला आपण पिन कापून माणसातून वाट करून दिली होती. ही बचत कुणी सुचवली तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

लूप तोडायचाच असेल तर तो सिग्नलच्या बाजूने तोडतात, विजेच्या बाजूने नाही. डीआय बॉक्सवर (वाद्य आणि मिक्सर किंवा इंटरफेसच्या मधे जोडायच्या खोक्यावर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते नेमकं यासाठीच. ते दाबल्यावर फक्त ऑडिओ केबलची शील्ड तुटते. उपकरणाचा अर्थ जागेवर राहतो.

केबल

इथे पहिल्यांदा खिशात हात घालायचा, आणि तोही फार खोल नाही. इंटरफेस ते स्पीकर केबल कुठली आहे बघा. जॅकवर एकच काळी रेघ असेल तर ती अनबॅलन्स्ड. दोन रेघा असतील किंवा तीन पिनचा एक्सएलआर असेल तर बॅलन्स्ड. बॅलन्स्डमध्ये एकच सिग्नल दोन तारांतून सुलट आणि उलट असा पाठवतात. वाटेत हम दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि पलीकडे वजाबाकीत उडून जातो. दोन्ही बाजूंची उपकरणं बॅलन्स्ड असतील तर नुसती केबल बदलून काम होतं. साधी केबल एमजी रोडला मिळते. सोन्याचा मुलामा कानाला ऐकू येत नाही.

माइकच्या केबलची एक खूण लक्षात ठेवा. कंडेन्सर माइक त्या केबलवर मेल्यासारखा पडतो, पण डायनॅमिक चालतो आणि वर गुणगुणतो? पहिल्या पिनची शील्ड तुटलीय. कंडेन्सरला लागणारा 48 व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) शील्डमधूनच परत येतो, त्यामुळे तो उपाशी राहतो. डायनॅमिकला फँटम लागत नाही म्हणून तो गातो, पण अंगावर पांघरूण नसल्यामुळे हम गोळा करतो. जॅक उघडा, पहिल्या पिनवर सोल्डर लावा, झालं. सोल्डरिंग येत नसेल तर शिका. या धंद्यात इक्वलायझरच्या आधी ते उपयोगी पडतं.

विजेच्या वायरी आणि ऑडिओ केबली एकत्र बांधून टेबलामागे छान वेणी घालू नका. शेजारून जाणं टाळा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. अडॅप्टर जमिनीवर ठेवा, माइकच्या स्टँडपाशी नको.

खोक्यातले उपाय

एवढं करूनही अनबॅलन्स्ड कीबोर्ड किंवा जुना मिक्सर घुमत असेल तर डीआय बॉक्स, किंवा एकास एक ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. त्यात सिग्नल चुंबकीय जोडणीने पलीकडे जातो, तारेची जोडणी राहत नाही, म्हणून लूपच बनत नाही. फार स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर बेस खातो. ढोलकीचा धुम्म घेतानाच ते कळतं.

यूएसबी आयसोलेटर घेताना सावध. चीं घालवायला तो उत्तम, पण बाजारातले कित्येक फक्त 12 मेगाबिटच्या वेगाचे असतात. आजकालचे बरेचसे इंटरफेस 480 मेगाबिटवर चालतात, ते त्यावर दिसतच नाहीत. डब्यावर हाय स्पीड लिहिलंय का ते वाचून घ्या. मी न वाचता घेतला होता. तो अजून खणात आहे.

हात काढून घ्या

इथून पुढे आपलं काम संपलं. खालीलपैकी काहीही दिसलं तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियन बोलवा: माइक, लॅपटॉप किंवा रॅकला हात लावल्यावर शॉक किंवा झिणझिण्या, आरसीसीबी वारंवार पडणं, सॉकेट गरम लागणं, पिवळं पडणं किंवा जळका वास, दिवे अचानक जास्त प्रखर होऊन पंखे भरधाव सुटणं, म्हणजे न्यूट्रल सुटल्याची शंका, पावसाळ्यात बोर्डाच्या मागची भिंत ओली असणं. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून टाकणारा कारागीर भेटला तर दुसरा शोधा.

केबल काढूनही स्पीकर घुमत असेल तर तो अँप दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. आतले कपॅसिटर म्हातारे झालेले असतात. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यांच्यात चार्ज शिल्लक राहतो.

इलेक्ट्रिशियन परवानाधारक असावा. नुसता टेस्टर घेऊन येणारा नको, मीटर घेऊन येणारा हवा. तो काय मोजतो त्याकडे लक्ष ठेवा. फेज-न्यूट्रल 230च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ भलतंच कमी दाखवत असेल तर अर्थ लटकता आहे. माझ्या फ्लॅटमध्ये तेच निघालं. बिल्डरने तीन पिनचे सुंदर सॉकेट दिले होते. मागे हिरवी वायर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली, कशालाच न जोडता. ज्या गावात सातपूर-अंबडला ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअर तयार होतात, त्याच गावात ही तऱ्हा.

अर्थिंगचा खड्डाही त्याला बघायला सांगा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी थोडं खणलं की मुरूम, मग काळा खडक. एप्रिल-मेमध्ये जमीन वाळते आणि खड्ड्याचा रोध वाढतो. तो अर्थ टेस्टरने मोजतात, घरासाठी पाच ओहमच्या आत असावा असं सहसा धरतात. खड्डा कोरडा पडला म्हणून हम वाढेलच असं नाही. एकाच खोलीतली सगळी उपकरणं मिळून वरखाली होतात, एकमेकांत फरक पडत नाही. हे काम आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र मी ते आवाजाच्या नावाखाली मंजूर करून घेतलं. "ताईंच्या स्टुडिओत घूं येतो" म्हटल्यावर सगळे हसले आणि सही झाली.

घेतलेल्या टेकमध्ये हम राहिलाच तर

50, 100, 150, 200 हर्ट्झवर असे अरुंद नॉच, म्हणजे तेवढाच सूर कापणारे फिल्टर, लावत जा, प्रत्येक खूप अरुंद. बहुतेक डी-हम प्लगइन हेच करतात. पुरुष आवाजाचा पाया 100च्या जवळपास असू शकतो, म्हणून तिथे हलक्या हाताने. झर्रर्रवर नॉच पुरत नाहीत. टेकच्या सुरुवातीच्या शांततेचा नमुना देऊन नॉइज रिडक्शन करावं लागतं आणि "श", "स" थोडे पाण्यात बुडाल्यासारखे होतात. एखाद-दुसरी ओळच खराब असेल तर मी सरळ गायकाला परत बोलावते.

इलेक्ट्रिशियन यायच्या आधी आणि गेल्यावर, तोच माइक, तोच गेन ठेवून अर्ध्या मिनिटाची शांतता रेकॉर्ड करा आणि फाइलला तारखेचं नाव द्या. पुढच्या वेळी हम आला की ती फाइल लावा. नवा आहे की जुनाच, ते तिथल्या तिथे कळतं. माझ्याकडे अशा फाइलींचं एक फोल्डर साठलंय. हिरवी वायर जोडली त्या दिवसाची फाइल लावली की शेवटी नुसता लांबून जाणाऱ्या रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो.